भरणं

आमच्याकडे भरणं दोन प्रकारचं असतं. शेतकरी रानाचं भरणं करतो, म्हणजे पिकाला पाणी देतो. मी मोटरचं भरणं करतो, म्हणजे जळालेली तार उपटून नवी तार भरतो. येवल्यात विंचूर चौफुलीपासून हाकेच्या अंतरावर माझं दुकान आहे. 26 वर्षं हेच काम करतोय. आपल्याच विहिरीवरची तीन एचपीची मोटर काढून तिथं पाचची बसवली, तेव्हा मात्र या दोन भरण्यांचा एकमेकांशी काय संबंध असतो ते मला पहिल्यांदा नीट कळलं. त्याच कामाबद्दल लिहितो आहे.

आमचं रान पाटोद्याच्या बाजूला, पालखेडच्या डाव्या कालव्याच्या शेपटाकडे. पालखेडचं धरण तिकडं दिंडोरी तालुक्यात कादवा नदीवर. तिथून निघालेलं पाणी निफाड ओलांडून आमच्यापर्यंत येतं तोवर आवर्तनाचे दिवस सरत आलेले असतात. तालुका पर्जन्यछायेतला. विहीर वीस फूट व्यासाची आणि पंचावन्न फूट खोल. ती 72 च्या दुष्काळानंतर आजोबांनी खोदली. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. पाणी येतं ते त्या पाषाणाच्या भेगांतून, ईशान्येच्या कोपऱ्यातल्या एका झऱ्याने. सुरुवातीला मोट होती. मोटेची धाव अजून बांधाच्या कडेला ओळखू येते, तिथं गवत वेगळं उगवतं. मोटेनंतर किर्लोस्करचं तेलावरचं इंजिन आलं. त्याचा आवाज शिवारात लांबवर जायचा आणि कुणाचं इंजिन चालू आहे ते आवाजावरून ओळखायचं असं नाना, म्हणजे माझे वडील, सांगतात. वस्तीवर वीज आली तेव्हा नानांनी तीन एचपीची मोनोब्लॉक मोटर घेतली. त्या मोटरीवर माझं शिक्षण झालं, बहिणीचं लग्न झालं.

मोनोब्लॉकची एक अडचण असते. पंप पाणी खाली बसून ढकलत नाही, वरून ओढतो. ओढायला हवेचा दाब लागतो आणि तो कागदावर दहा मीटरपर्यंत पुरतो, रानात सहा-सात मीटरच. म्हणून मोटर विहिरीत उतरवून कपारीवर ठेवावी लागते. पावसाळ्यात पाणी चढलं की ती वर घ्यायची, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुन्हा खाली सोडायची. मृगाच्या एका पावसात रात्रीतून पाणी चढून मोटर बुडाल्याचं लहानपणी दोनदा पाहिलंय. नाना सकाळी काठावर उभे राहून नुसते बघत राहिले होते. ती वाळवून, वार्निश लावून पुन्हा चालू करणारा कारागीर मनमाडचा होता. त्याच्या हाताकडे बघूनच मी या धंद्यात आलो.

गेल्या तीन-चार वर्षांत नानांचा एकच धोशा होता: मोटर मोठी कर. त्यांचं कारण खरं होतं. थ्री फेज लाइट आठ तास, त्यात काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. उन्हाळ कांद्याला जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत पाणी लागतं. तीनच्या मोटरीने अडीच एकराचं भरणं दोन पाळ्यांत व्हायचं आणि त्यातली एक हमखास रात्रीची. पंचाहत्तरीच्या माणसाने बॅटरी घेऊन रात्री दोन वाजता वाफे फोडत हिंडायचं, त्यात शिवारात बिबट्याची बोलवा. शेजारच्या रानांत पाचच्या, साडेसातच्या मोटरी बसल्या होत्या. “त्यांचं पाणी बारा वाजता संपतं. ते जेवून झोपतात आणि मी बांधावर बसतो,” नाना म्हणायचे.

दुकानात मला रोज कुणीतरी विचारतं, “भाऊ, तीनचीच पाच करून द्या ना. तार जाड भरा.” तसं होत नाही, आणि ते मी प्रत्येकाला सविस्तर सांगतो. मोटरची ताकद नुसत्या तारेत नसते, ती लोखंडात असते. स्टेटर म्हणजे पातळ पत्र्यांची चवड. त्या चवडीच्या लांबी-रुंदीवर ठरतं की किती चुंबकत्व पेलेल. टर्न कमी करून जाड तार भरली तर मोटर चार दिवस जोरात पळते, पण लोखंड भरून गेलेलं असतं. पाणी न उचलता नुसती फिरली तरी तापते आणि एका रात्री जळते. पाचची मोटर उघडून तीनच्या शेजारी ठेवली की चवडीची लांबी डोळ्यांना दिसते. ती लांबी मला दुकानात बसून वाढवता येत नाही. म्हणून पाचची हवी तर अंगच पाचचं पाहिजे.

तसं अंग मला मालेगावकडून आलेल्या भंगारात मिळालं. ओपनवेल सबमर्सिबल, म्हणजे आडवी पाण्यात बसणारी पाणबुडी, पाच एचपी, दोन पोल. बॉडी शाबूत, शाफ्टला खाच नाही, रोटर चांगला. वायंडिंग मात्र पार जळालेलं. जळालेली मोटर उघडली की ती कशाने जळाली ते वाचता येतं. सगळी गुंडाळी सारखी काळी पडली असेल तर जास्त लोड किंवा कमी व्होल्टेज. एकाच खाचेत भोक पडून तांबं वितळलेलं असेल तर तिथं इन्सुलेशन फाटलेलं. आणि काही गुंडाळ्या काळ्या, मधल्या काही अगदी नव्यासारख्या राहिल्या असतील तर एक फेज गेला होता आणि मोटर उरलेल्या दोन फेजांवर गुरगुरत होती. स्टारमध्ये जोडलेल्या मोटरीत दोन फेजांच्या गुंडाळ्या जळतात, डेल्टात एकाच फेजची. या मोटरीच्या दोन तृतीयांश गुंडाळ्या काळ्या होत्या. कुणाच्या तरी रानात एका रात्री डीपीवरचा, म्हणजे शिवाराच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज उडाला असणार आणि मालक झोपेत असणार.

भरणं सुरू केलं ते संक्रांतीच्या आठवड्यात. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस गाव धाब्यांवर असतं. पतंग, हलकड्या, घराघरांत नाशकापासून आलेले पाहुणे. हाताखालची पोरं त्या दिवसांत येत नाहीत आणि मीही आग्रह धरत नाही. शटर अर्धं ओढून एकटाच बसलो होतो, बाहेर हलकडी वाजत होती. ही मोटर मला कुणाच्या हाती द्यायचीही नव्हती.

जुनी तार हेक्सॉने एका बाजूने कापली आणि पकडीने ओढून काढली. काही दुकानांत स्टेटर जाळावर धरून वार्निश जाळतात आणि मग तार उपसतात. काम लवकर होतं, पण त्या आचेने पत्र्यांच्या मधला पातळ थर जातो. पत्रे एकमेकांना चिकटतात आणि मोटर पुढे जन्मभर तापत राहते. पाणबुडीच्या तारेवर वार्निश नसतंच, तिच्यावर प्लास्टिकचं वेष्टन असतं, कारण मोटरच्या पोटात पाणी भरलेलं असतं आणि तार त्या पाण्यातच राहते. हे वेष्टन कुठं नखाएवढं जरी सोललं तरी सगळं काम वाया. खाचा पॉलिश पेपरने साफ केल्या, कडा बोटाने चाचपल्या. डोळ्यांना न दिसणारी धार बोटाला कळते. मग कापलेल्या एका गुंडाळीचे टर्न मोजले, मायक्रोमीटरने तारेचा गेज घेतला, वहीत लिहिलं.

साध्या मोटरीत गुंडाळी आधी साच्यावर करून खाचेत बसवतात. पाणबुडीत तार एकेक करून ओवावी लागते. या टोकाने घालायची, त्या टोकाने ओढायची, वळवायची, पुन्हा परत आणायची. चोवीस खाचा. एकाच लांब तारेने हे करायचं, म्हणजे पहिल्या काही फेऱ्यांना हातात पन्नास-साठ हात तार खेळवावी लागते. तिला पीळ पडू द्यायचा नाही, जमिनीला घासू द्यायची नाही. मी खाली स्वच्छ धुतलेलं गोणपाट अंथरतो.

आमच्या गल्लीत पैठणीचे माग आहेत. शेजारच्या आक्का, वय साठीच्या पुढं, तिळगूळ द्यायला आल्या आणि उंबऱ्यात बसून बघत राहिल्या. जन्म मागावर गेलेला, त्यामुळे त्यांची नजर सरळ माझ्या डाव्या हाताकडे गेली. “या हाताने धरतोस ते सैल होतंय बघ. इकडचे दोरे ताठ, तिकडचे ढिले. ढिला दोरा आधी झिजतो,” त्या म्हणाल्या. मी थांबून पाहिलं. खरंच, डोक्याकडची वळणं एका बाजूला फुगली होती. मोटर चालू-बंद होताना तार दर वेळी हलते आणि फुगलेलं वळण शेजारच्या वळणावर घासतं. दोन गुंडाळ्या काढून पुन्हा भरल्या. 26 वर्षांत हे मला कोणत्या इंजिनिअरने सांगितलं नव्हतं. मोटर भरून झाली की मी अजूनही वळणांवरून एकदा तळवा फिरवतो, आक्का मागावरच्या कापडावरून फिरवतात तसा.

भरलेला स्टेटर पाण्याच्या पिंपात रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी पाण्यात असतानाच इन्सुलेशन तपासायचा मेगर लावला. काटा शेवटपर्यंत गेला. बुश नवे, थ्रस्ट बेअरिंगची कार्बन प्लेट नवी, इम्पेलर तोच, पण साफ करून घासून बॅलन्स केलेला. पोटात स्वच्छ पाणी भरून बूच आवळलं. नव्या मोटरीच्या तिसऱ्या हिश्श्यात काम झालं होतं. त्या मोटरीच्या आतली एकही गोष्ट अशी नव्हती की जिची मला खात्री नव्हती.

जुनी मोटर काढायला तिकाटणं लावलं, चेन ब्लॉक टांगला. ती वर आली तेव्हा तिच्या पायाला शेवाळ होतं आणि पंख्याच्या जाळीत पाकोळीचं घरटं. नानांनी तिला पाण्याने धुतलं, पोत्याने पुसलं आणि गोठ्याच्या वळचणीला सावलीत नेऊन ठेवलं. मी काही बोललो नाही.

नवीन सोडली, बटण दाबलं, पाणी आलं. नाना पाइपाच्या तोंडाशी उभे होते. दुकानात मी भरवसा ठेवतो तो दोनच गोष्टींवर, करंट मोजायचा टाँगटेस्टर आणि 200 लिटरचा ड्रम. जुनी मोटर हा ड्रम 50 सेकंदांत भरायची. नवीने 42 सेकंद घेतले. नानांनी माझ्याकडे पाहिलं. “पाचची मोटर आणि फक्त आठ सेकंद?”

चूक मोटरीची नव्हती. पाइप तोच दोन इंची, विहिरीपासून वरच्या वाफ्यापर्यंत 200 मीटर. पाइपाच्या आतून पाणी नेताना जे घर्षण होतं ते वेगाबरोबर जवळजवळ वर्गाने वाढतं. दोन इंचीतून सेकंदाला 4 लिटर न्यायचं तर दर शंभर मीटरला सुमारे 9 मीटर उंची चढल्याएवढी ताकद जाते. 6 लिटर न्यायचं म्हटलं तर 19 मीटर. आमच्या 200 मीटरला म्हणजे 38 मीटर. विहिरीतून पाणी वर येतं ते जेमतेम 14 मीटर. मी नानांना असं सांगितलं की आपली मोटर आपल्या विहिरीतून पाणी उचलतेच, शिवाय त्याच्या अडीच-पावणेतीनपट खोल अशी दुसरी विहीर पाइपाच्या आत आहे, तिच्यातूनही उचलते. अडीच इंची पाइपात तेच 6 लिटर न्यायला शंभर मीटरला 5 मीटर पुरतात. पाइप अर्धा इंच वाढवला तर ती दुसरी विहीर चौथ्या हिश्श्यावर येते.

मग पाइप बदलला. पाइपाबरोबर केबल बदलावी लागली. मीटरच्या पेटीपासून विहिरीपर्यंत 250 मीटर दीड चौरस मिलिमीटरची केबल होती. पाचची मोटर आठ अँपिअर घेते आणि तेवढा करंट त्या केबलमधून नेताना पस्तीस-चाळीस व्होल्ट वाटेतच खपतात. रात्री डीपीवरच 370 असतात, म्हणजे मोटरीला पोचतात 330. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो. 415 च्या जागी 330 मिळाले तर जोर 63 टक्क्यांवर येतो. सुरू होताना ती गुरगुरते, उचलत नाही, तापते. चार चौरस मिलिमीटरची केबल टाकल्यावर वाटेतली घट 14 व्होल्टांवर आली. केबलनंतर स्टार्टर, त्यातला ओव्हरलोड रिले, सिंगल फेज प्रिव्हेंटर, कपॅसिटर. मंजूर भार तीन एचपीचा होता, तो पाचचा करून घ्यायला महावितरणकडे अर्ज केला. हे पुष्कळ लोक करत नाहीत. 63 केव्हीएच्या डीपीचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. तीन एचपीची मोटर पावणेचार केव्हीए खाते, अशा 16 मोटरी तिच्यावर चालतात. पाचची सव्वासहा खाते, अशा 10. कागदावर तीनच्या आणि प्रत्यक्षात पाचच्या मोटरी झाल्या की डीपी जळते, आणि मग सगळं शिवार आठ-दहा दिवस कोरडं. आमच्या शिवारात ते दोनदा झालंय.

सगळं बदलल्यावर ड्रम 33 सेकंदांत भरला. सेकंदाला 6 लिटर. नानांनी ड्रमच्या काठावरून ओघळणाऱ्या पाण्यात हात धरला, तोंड धुतलं. त्या आठवड्यात दिवसाची पाळी होती. सकाळी सुरू केलेलं भरणं दुपारी जेवणाच्या वेळी संपलं.

यानंतरची गोष्ट सांगायला जड जाते, पण तीच सांगायला बसलो आहे.

दुसऱ्या आठवड्यात रात्रीची पाळी आली. पेटीवर ऑटो स्विच होता, लाइट आली की मोटर आपोआप सुरू. नानांनी वाफे लावून दिले आणि थंडी होती म्हणून खोपटात पडले. तीनच्या मोटरीने त्यांना एक सवय लावली होती. ती रात्रभर चालायची, सकाळी लाइट जायची आणि तीही थांबायची. विहीर कधी तळाला गेली नाही. पहाटे पाच वाजता त्यांचा फोन आला, “मोटरचा आवाज बदललाय, पाणी येत नाही.” मी फोनवर ओरडलोच, “बंद करा, आधी बंद करा!” तोवर उशीर झाला होता. विहिरीचं पाणी मोटरीच्या खाली गेलं होतं. पाणबुडीला गारवा पाण्याचा आणि वंगणही पाण्याचंच. ती उघडी पडली की पंपात पाणी राहत नाही, पोटातलं पाणी तापून वाफ होतं, बुश कोरडे पडतात आणि कार्बन प्लेटचा भुगा होतो. वर काढून उघडली तेव्हा शाफ्ट निळा पडला होता.

मी ज्या मोटरीबद्दल म्हणत होतो की तिच्या आतली प्रत्येक गोष्ट मला माहीत आहे, ती पंधरा दिवसांत माझ्या बाकावर परत आली. मला मोटर माहीत होती, विहीर माहीत नव्हती.

त्या दिवशी दुपारी दोरीला हातोडीचा लोखंडी दांडा बांधला, दर फुटाला गाठ मारली आणि काठावर बसलो. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे 8,900 लिटर. मोटर बंद असताना तासाला पाणी किती चढतं ते बघितलं. अर्धा फूट, म्हणजे तासाला साडेचार हजार लिटर, चोवीस तासांत बारा फूट. जुनी मोटर तासाला 14,400 लिटर काढायची. आठ तासांचं होतं तेरा फुटांच्या आत-बाहेर. विहिरीची दिवसभराची आवक आणि जुन्या मोटरीचा आठ तासांचा उपसा जवळजवळ सारखा होता. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. चाळीस वर्षांत नानांचं पीक, विजेची पाळी, झरा आणि ती तीनची मोटर एकमेकांना सांभाळून बसले होते. पाचची मोटर तासाला 21,600 लिटर काढते. झऱ्याचं वजा केलं तरी तासाला जवळजवळ दोन फूट पाणी उतरतं. बारा फुटांतले खालचे दोन फूट मोटर बुडलेली राहायला लागतात. उरलेल्या दहा फुटांना पाच तास पुरतात. रात्री अकराला लाइट आली असेल तर चारला विहीर संपली. पाचला नानांना जाग आली.

मार्चमध्ये झरा तासाला दोन इंचांवर येतो आणि उभं पाणी सात फूट राहतं. तेव्हा पाचची मोटर सव्वादोन तासांत विहीर खाली करते. मोटर तीनची असो, पाचची असो की साडेसातची, विहीर दिवसाला देते ते बारा फूट, मार्चमध्ये चार. मोठ्या मोटरीने पाणी वाढत नाही, वेळ वाचतो. नानांना वेळच हवा होता, त्या अर्थी त्यांचं मागणं बरोबरच होतं. मी मात्र त्यांना आणि स्वतःलाही हे नीट सांगितलं नव्हतं की आपण काय विकत घेतोय.

आणि हे फक्त आमच्या विहिरीचं नव्हतं. काळ्या पाषाणातल्या भेगा बांध बघून थांबत नाहीत. शेजारच्या साडेसातच्या मोटरीने त्यांची विहीर खाली गेली की आमचा झरा मंदावतो, आमची खाली गेली की त्यांचा. राज्यात भूजलावर कायदा झाला तो 1993 मध्ये, पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेऊ नये म्हणून. पण दोन खाजगी विहिरींमधली ही ओढाताण कोणत्याच बांधावर दिसत नाही. ती दिसते माझ्या दुकानात. एका शिवारातून एक पाचची मोटर भरायला येते आणि वर्षाच्या आत त्याच शिवारातले तिघे तीनची देऊन पाचची मागतात. मी इतकी वर्षं ती देत आलोय. एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत झाली. थकबाकीने गांजलेल्या शेतकऱ्याला त्याने मोठा दिलासा मिळाला हे मी रोज ऐकतो. पण “आता बिल नाही, तर साडेसातचीच टाका” हेही रोज ऐकतो.

मोटर पुन्हा भरली नाही, कारण वायंडिंग वाचलं होतं. शाफ्ट बदलला, बुश आणि थ्रस्ट बदलला. पेटीत ड्राय रन प्रिव्हेंटर बसवला, पाणी गेल्यावर करंट पडतो आणि तो मोटर तोडतो. ऑटो स्विच काढून टाकला. लाइट आल्याबरोबर सगळ्या शिवाराच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपीवर काय येतं ते मला वेगळं सांगायला नको होतं, तरी माझ्याच पेटीत तो लावलेला होता.

नानांनी स्वतः एक गोष्ट शोधली, ती मला फार आवडली. पावसाळ्यात विहीर वरपर्यंत भरलेली असताना टाँगटेस्टर साडेनऊ अँपिअर दाखवत होता, म्हणजे मोटर लोडवर जात होती. नानांना वाटायचं पाणी जवळ आलं म्हणजे मोटरला सोपं. या जातीच्या पंपात उलट असतं. उंची कमी झाली की पाणी जास्त येतं, आणि जास्त पाणी म्हणजे जास्त करंट. मी सांगायच्या आधी त्यांनी व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळत नेला आणि काट्याकडे बघत राहिले. आठवर आल्यावर थांबले आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर ऑइल पेंटने एक रेघ मारली. आता पावसाळ्यात त्या रेघेवर आणि उन्हाळ्यात पूर्ण उघडा.

पाचच्या मोटरीला तिचं खरं काम कालव्याच्या आवर्तनात मिळालं. चारीला पाणी असतं त्या दिवसांत आमच्या विहिरीचा पाझर दुप्पट-तिप्पट होतो, झरा तासाला फूट-सव्वा फूट देतो. ते दिवस मोजके, वीज आठ तास, आणि तेवढ्यात जे उचलाल ते आपलं. तीनच्या मोटरीला ते उचलता येत नव्हतं, पाणी विहिरीत उभं राहून जायचं. आम्ही बांधाच्या वरच्या अंगाला अस्तर टाकून शेततळं केलं. आवर्तनात पाचची मोटर ते भरते. मग गोठ्याच्या वळचणीतून जुनी तीनची काढली. ती भरायची गरजच नव्हती, नुसते बेअरिंग आणि एक सील. ती आता शेततळ्याच्या काठावर बसून ठिबकला पाणी देते. उचलायचं दोन-अडीच मीटर, बुडायची भीती नाही. नानांनी तिच्यावर पत्र्याचं छप्पर केलं आणि पंख्याच्या बाजूला हात-दीड हात जागा मोकळी सोडली. पाकोळी परत यावी म्हणून, असं ते नातवाला सांगत होते.

ती गाठी मारलेली दोरी मी दुकानात आणून खिळ्याला टांगली. कुणी मोठी मोटर मागायला आलं की भाव सांगायच्या आधी त्याच्या हातात देतो. मोटर बंद करा, एक तास थांबा, किती गाठी चढतात ते सांगा, मग बोलू. काही जण चिडतात, पुढच्या दुकानात जातात. तिथं त्यांना दुसऱ्या दिवशी साडेसातची मिळते. धंद्यात हे मला सोसावं लागतंय, आणि घरी त्यावर बोलणंही झालंय.

मागच्या पंधरवड्यात राजापूरकडचा एक तरुण आला. पाचची जळालेली, साडेसातची हवी होती. तिकडचं रान आमच्याहून कोरडं, कालव्याचा आधार नाही. त्याच्या मोटरीच्या सगळ्या गुंडाळ्या सारख्या काळ्या होत्या. मी दोरी दिली आणि काय मोजायचं ते समजावलं. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग दोरी गुंडाळून पिशवीत ठेवली. “एका तासाने काय कळणार? मी रात्रभर बसतो,” असं म्हणून गेला.

अजून आलेला नाही. त्याचा स्टेटर बाकावर ठेवलाय. जुनी तार काढून, खाचा घासून ठेवल्यात. नवी तार अजून कापलेली नाही.